बीडच्या प्रदर्शनातली बिनपैशाची भाकरी

बीडला चालले आहे असं सांगितल्यावर आमच्या चिपळुणात कुणी "कशाला?" असं विचारलंच नाही. सगळ्यांनी नुसतं "बीडला?" एवढंच विचारलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझ्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. "तिकडे पाणी नसतं हो," शेजारच्या काकी म्हणाल्या. ज्यांच्या माजघरात दर काही वर्षांनी वाशिष्ठी नदी येऊन बसते, त्यांनी दुसऱ्याच्या पाण्याची काळजी करावी, म्हणजे कमालच झाली!

कारण अगदी साधं होतं. माझी भाची शुभदा बँकेत आहे, वर्षापूर्वी तिची बदली बीडला झाली. तिने फोनवर सांगितलं, की दिवाळीच्या आधी इथल्या मैदानावर जिल्ह्यातल्या बचत गटांचं आणि कारागिरांचं प्रदर्शन भरतं, तू येच. मी स्वतः गेली पंधरा वर्षं आमसुलं, कोकम सरबत आणि फणसपोळी विकते. प्रदर्शनातल्या टेबलाच्या आतल्या बाजूला माझं निम्मं आयुष्य गेलंय. बाहेरच्या बाजूने, हातात पिशवी घेऊन, निवांत नावं ठेवत फिरायचं मात्र राहूनच गेलं होतं. म्हटलं, चला.

पहिली संध्याकाळ

बसमधल्या चौदा-पंधरा तासांबद्दल मी काही लिहिणार नाही. कंबर माझी आहे, तुम्हाला कशाला त्रास!

बीडला उतरले आणि पहिली जाणवली ती मोकळी हवा. आमच्याकडे कुठेही बघा, डोळ्यासमोर डोंगर नाहीतर माड येतोच. इथे नजर जाते ती जातच राहते, आणि लांबवर बालाघाटची बुटकी रांग दिसते. पाऊस नुकताच सरलेला, त्यामुळे माळ अजून हिरवट होता. स्टँडबाहेर टोपल्याच टोपल्या सीताफळं. मी सवयीने घासाघीस सुरू केली आणि चांगली दगडासारखी टणक बघून वेचायला लागले. विकणाऱ्या बाईला राहवेना.

"आवं बाई, डोळं उघडल्यालं घ्या की. ही कच्ची हायेत, घरी नेऊन काय गोट्या खेळायच्यात?"

सीताफळाच्या दोन खवल्यांमधली जागा पिवळसर पडली, की डोळे उघडले म्हणायचं. मी म्हटलं, मला चिपळूणला न्यायचीत, टणकच दे. तिने खांदे उडवले आणि दोन जास्तीची टाकली. शुभदाच्या खोलीवर मी ती सगळी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

मैदान

दुसऱ्या दिवशी शुभदा बँकेत गेली आणि मी एकटीच मैदानावर. पांढऱ्या कापडाचा मांडव, मध्ये लाल गालिचा, त्यावर धुळीचा दुसरा गालिचा. एका बाजूला कारागीर, एका बाजूला खाण्याचे पदार्थ. एक म्हातारे गृहस्थ चामड्याची छागल घेऊन बसले होते. प्रवासात पाणी गार ठेवायची ही पिशवी, पूर्वी बीडची छागल फार नावाजलेली. "आता पान्याची बाटली इस रुपयाला भेटती, हिला कोन इचारतंय," ते म्हणाले, आणि तरीही प्रत्येक येणाऱ्याला तीत पाणी भरून दाखवत होते. शेजारच्या घोंगडीवाल्याने तर माझ्यासमोर नव्याकोऱ्या घोंगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. थेंबभर खाली उतरलं नाही. मी म्हटलं, आमच्या पावसात महिनाभर ठेवा, मग बोलू. तो म्हणाला, "महिनाभर पाऊस? मंग तुमी होडीच घ्या की, मावशी!"

असं हसत-खिदळत खाण्याच्या रांगेत शिरले आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या स्टॉलसमोर थबकले. गर्दी होती म्हणून नव्हे, वासाने. खरपूस भाजलेल्या धन्याचा, खोबऱ्याचा आणि मिरचीचा वास. टेबलावर शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं नीट रचलेली, त्यावर छापलेलं: घरगुती येसर.

येसर म्हणजे काय, हे आमच्या बाजूच्या वाचकांना सांगायला हवं. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरं, मिरची असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळतात. फोडणीच्या उकळत्या पाण्यात ते सोडलं की आमटी तयार. भाजी नको, डाळ शिजवायला नको. इकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी लागतेच.

आता माझी सवय वाईट. कुठलंही पाकीट दिसलं की मी ते उलटं करते. चष्मा साखळीला लटकलेला असतो तो नाकावर चढवते, पिशवीतून वही काढते आणि विचारते, "तयार कधी केलं? टिकतं किती? वजन तुम्ही कुठे करता?" तसंच केलं. टेबलामागे उभी असलेली तिशीची काटक बाई एकदम ताठ झाली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची पुसून पुढे केली.

"बसा ना म्याडम. उन्हातनं आलाव."

मी बसले. मागे गॅसच्या शेगडीपाशी एक साठीच्या आसपासची बाई काठवटीत भाकरी थापत होती. लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात काळेभोर आणि चपळ. तिने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. ताटलीत टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी, वाटीत लालजर्द आमटी, बाजूला फोडलेला कांदा आणि शेंगदाण्याची चटणी, आणि ताटली माझ्या मांडीवर!

तुम्हाला सांगते, मी कोकणातली बाई, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली. ज्वारीची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं अशी माझी समजूत. पण ती भाकरी मोडून आमटीत कुस्करली, पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. थोडं तिखटाने आलं, बाकीचं सुखाने. दुसरी भाकरी मी मागितली नव्हती, तरी आली. तिसरीच्या अर्ध्यावर असताना ती तिशीची बाई हळूच म्हणाली, "म्याडम, मार्क कवा कळत्यात?"

"कसले मार्क?"

"तुमी तपासायला आलाव ना? साहेबांच्या हापिसातनं?"

खरं सांगायचं तर मला मघापासून संशय होता. एवढी खुर्ची पुसून कोण देतं! पण आमटी समोर होती आणि मी गप्प बसले, हे माझं चुकलं. मी म्हटलं, "नाही गं बाई. मी चिपळूणची, आमसुलं विकते. नुसती बघायला आले."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्स उघडून मी घाईघाईने पैसे काढायला लागले. तेवढ्यात शेगडीपाशी बसलेली थोरली खदाखदा हसली.

"आगं संगीता, तपासनीस न्हाई म्हून काय झालं? भूक तर खरी व्हती का न्हाई बाईची? ठिवा तुमी ते पैसं. भाकरीचं पैसं घेत न्हाईत आमी."

संगीता आणि गयाबाई

थोरलीचं नाव गयाबाई, संगीता तिची सून. पाटोद्याकडच्या एका वाडीतल्या चार बायकांचा त्यांचा गट. दुपारी गर्दी ओसरल्यावर संगीताने मला स्टॉलच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं.

ही ऊस तोडणारी माणसं. दसरा झाला की गावंच्या गावं ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडे कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्यातच परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला तिथे कुणी धरत नाही, त्यामुळे ती नाही गेली तर नवराही जाणार नाही. गयाबाईही बरोबर जाते, उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या खोपटात, ज्याला ही कोपी म्हणतात, सगळ्यांच्या भाकरी थापायला.

"आणि मुलंबाळं?" मी विचारलं.

"पोरगी हाय, राणी. सातवीला हाय. घरातली समदीच गेल्यावर तिला कुनापाशी ठिवायची? चार सालं झाली, येती संगं. सहा म्हयनं शाळा बंद. गुरुजी म्हनत्यात पोरगी हुशार हाय. औंदा तिनं मला साफ सांगितलंय, आई, मी येत न्हाई. लई रडली, मावशी."

प्रदर्शनातून तीन स्टॉल निवडले जाणार होते. त्यांना स्टँडजवळ बाराही महिने चालणारा गाळा मिळायचा होता. तो मिळाला तर संगीता जाणार नव्हती. नाही मिळाला तर सोमवारी गाडी. टोळीचा मुकादम, म्हणजे माणसं गोळा करून नेणारा, रोज फोन करत होता. या घराने अजून त्याच्याकडून आगाऊ काही घेतलं नव्हतं, म्हणून तो जास्तच मागे लागला होता. संगीता त्याला सांगत होती, प्रदर्शन होऊ द्या, मग नाव सांगते.

"मग विक्री कशी आहे?"

ती सासूकडे बघून हताश हसली. "बगा की तुमीच."

मी बघितलं. मांडववाला वायरमन आला, गयाबाईने ताटली दिली. पहारेकरी आला, ताटली. ट्रॅक्टरवाला पाण्याचा टँकर सोडायला आला, त्याला दोन भाकरी. सीताफळाच्या स्टॉलवरची बाई, घोंगडीवाला, त्याचा भाऊ. जेवणाच्या वेळेला समोर आलेलं माणूस ग्राहक आहे की वाटसरू, हा विचार गयाबाईच्या डोक्यातच येत नव्हता. "जेवलात का" असंसुद्धा ती विचारायची नाही. विचारलं की माणूस भिडेने जेवलो म्हणतं, असं तिचं म्हणणं. घरून आणलेलं दोन पोती पीठ दीड दिवसात एका पोत्यावर आलं होतं आणि येसराची पाकिटं जिथल्या तिथे होती.

आता मी माझा इंगा दाखवला. आमच्या स्टॉलवर सरबताची चव बघायलासुद्धा मी औषधाच्या चमच्याने देते. मी गयाबाईसमोर जाऊन बसले. "हे बघा, असा धंदा होत नसतो. भाकरीला दर लावा."

"कावून?"

"अहो का म्हणजे काय! पीठ लागतं, गॅस लागतो, तुमची मेहनत लागते."

"कोपीवर रातच्याला कुनीबी येतंय, बाई. गाडीवाला येतोय, वाट चुकल्यालं येतंय. तवा कुनी दर सांगतंय व्हय? येसर इकते की मी. येसर माझ्या हाताचा गुन हाय. भाकर भुकंसाठी असती. तिचं पैसं घेतलं तर माझ्या हातनं पुन्हा भाकर फुगायची न्हाई."

आमच्याकडेही पाहुणचार आहे, नाही असं नाही. गूळ-पाणी लगेच देतो. पण जेवायला बसवायच्या आधी तू कुठला, कुणाचा, तुझं आजोळ कुठलं, एवढं सगळं काढतो. गयाबाईने मला यातलं काहीच विचारलं नव्हतं. पण मी त्या वेळी सल्ला द्यायच्या भरात होते. संध्याकाळी मांडववाल्याकडून पुठ्ठा आणि शाई मिळवली, माझ्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली: "गरम भाकरी व येसर आमटी. भाकरी दहा रुपये, आमटी वीस रुपये." ती संगीताच्या हातात दिली. ती बिचारी कात्रीत सापडली होती. तिने सासूकडे पाहिलं, मग मुलीची आठवण झाली असावी, आणि पाटी टांगली. मी विजयी मुद्रेने खोलीवर गेले.

कपिलधार

तिसऱ्या दिवशी शुभदाला सुट्टी होती. सकाळीच आम्ही रिक्षाने कपिलधारला गेलो. घाट उतरताना अचानक हिरवी दरी लागते आणि कड्यावरून पडणारं पाणी दिसतं. आमच्या सह्याद्रीतल्या धबधब्यांपुढे धार बारीकच, पण एवढ्या कोरड्या मुलखातून येऊन ती पाहिल्यावर मला आमच्या धबधब्यांची किंमत कळली. देवळात दर्शन घेतलं. पायऱ्यांवर शुभदा पुढे आणि मी गुडघे धरून मागे.

खाली झाडाखाली एक मोठं कुटुंब जेवायला बसलं होतं. चार-पाच बाया, बाप्ये, लेकरं. आम्ही जवळून जात होतो, एवढंच. त्यातल्या एका बाईने काही न बोलता भाकरीवर चटणी ठेवून माझ्यापुढे धरली. मी नको म्हणायच्या आत शुभदाच्या हातात दुसरी! बसलो मग. ही मंडळी उसाला निघायच्या आधी देवाला आली होती.

"सामान बांधून झालं का?" मी विचारलं.

"झालंच. येसर तेवढं ऱ्हायलंय. पावसानं उसंत दिली न्हाई, भाजायला-दळायला फुरसत कुठली! तिथं फडातनं रातच्याला यायचं अन् सकाळी अंधारात जायाचं, भाजी कोन चिरतंय? येसर नसलं तर हाल हायेत." आणि मग ती सहज म्हणाली, "बीडाला मैदानात एक मावशी बसलीया म्हनं, येनाऱ्या-जानाऱ्याला जेवू घालायलीय. आमचा दीर पान्याचा टँकर चालवतोय, त्यो जेवून आला. म्हनला, असलं येसर म्या खाल्लं न्हाई. उद्या डबा घेऊन जायाचं हाय."

भाकरी माझ्या हातातच राहिली. शुभदा म्हणाली, "मावशी, काय झालं? तिखट लागलं का?" मी मान हलवली. त्या मैदानावर आता माझ्या अक्षरातली पाटी टांगलेली होती, हे तिला कसं सांगणार?

परतल्या परतल्या मी थेट मैदानावर गेले. स्टॉलवर सामसूम. पाटी जागच्या जागी. संगीता शेगडीपाशी बसली होती, तिच्या भाकऱ्या कडेला चिरलेल्या. गयाबाई मागे, आमच्याकडे पाठ करून, मिरच्यांचे देठ मोडत होती.

"सकाळधरनं आत्याबाई एक सबूद बोलल्या न्हाईत," संगीता कुजबुजली. "वायरमन आला, पाटी वाचली अन् तसाच माघारी गेला."

मी पाटी काढली. गयाबाईपुढे जाऊन उभी राहिले. माफी मागायची माझ्या जिभेला सवय नाही, घरचे सांगतील. तरी म्हटलं, "गयाबाई, चुकलं माझं. तुमच्या घरात मी नाक खुपसलं."

ती उठली. पाटी माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली. "पुठ्ठा झ्याक हाय. टाकू नका," म्हणाली आणि त्याने वारा घेत काठवटीपाशी जाऊन बसली. सुनेला बाजूला सरकवलं. दहा मिनिटांत ताटली माझ्या हातात. माझं जेवण झालं होतं. पण तिने विचारलंच नाही, मग मी कशी सांगणार!

शेवटचा दिवस

सकाळी दहाला पोहोचले तर स्टॉल दिसेना, एवढी माणसं. आणि प्रत्येकाच्या हातात डबा. बिस्किटांचे डबे, तेलाचे डबे, दुधाची किटली, एकाकडे तर रंगाची धुतलेली बादली. सगळी उसाला निघालेली कुटुंबं. कोणी टँकरवाल्याकडून ऐकलेलं, कोणी पहारेकऱ्याकडून. कोणी स्वतःच जेवून गेलेलं.

"मावशी, दोन किलो घाला."

"आमाला तीन. सहा म्हयनं पुरलं पायजे."

शंभर ग्रॅमच्या पाकिटात यांचं काय भागणार! संगीता माझ्याकडे बघायला लागली. तीनशे पाकिटं, छापील लेबलं, मशिनने चिकटवलेली तोंडं. आणि परीक्षक आजच येणार.

"तपासायला येनारेत, मावशी. पाकिटं फोडली तर दाखवायचं काय?"

शेगडीपाशी बसलेली गयाबाई म्हणाली, "ह्यांची गाडी सोमवारी हाय. ह्यांनी काय कागद खायाचाय का?"

संगीताने एकदा डोळे मिटले. मग कात्री उचलली आणि पहिलं पाकीट फोडलं. पंधरा वर्षं पॅकिंगची पूजा केलेल्या मीसुद्धा पदर खोचला आणि दुसरी कात्री घेतली. भराभर पाकिटं कापून डब्यांत रिकामी करत होतो. नाकात येसर, डोळ्यांत येसर, शिंकून शिंकून जीव गेला. पायाशी लेबलांचा ढीग झाला. बारा वाजेपर्यंत टेबल स्वच्छ. एकही पाकीट नाही.

आणि साडेबाराला परीक्षक बाई आल्या, बरोबर फाईल धरलेले दोघे. बाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्या फाईलमधल्या कागदावर रकाने होते: मांडणी, पॅकिंग, लेबल, सीलबंद नमुना. त्यांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, खालच्या कचऱ्याकडे पाहिलं.

"एक तरी सीलबंद पाकीट द्या. नाहीतर मी लिहू काय?"

मी मध्ये पडून सगळं सांगू लागले, की अहो सगळं विकलं गेलं, ही सकाळची गर्दी, हे डबे. बाई म्हणाल्या, "पटतंय मला. पण नमुना जमा करावाच लागतो." तेवढ्यात गयाबाईने ताटली त्यांच्या हातात ठेवली. "ड्युटीवर आहे हो मी," असं म्हणत त्यांनी उभ्या-उभ्या एक घास घेतला. मग बसल्या. पूर्ण भाकरी संपवून, हात धुऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "आजी, फार सुंदर." रकान्यात मात्र रेघ मारलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी मंचावरून तीन नावं पुकारली. यांचं नाव नव्हतं.

संगीताने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर. मग स्टॉलवर येऊन टेबलावरचं कापड झटकून घडी घालायला लागली. घडी काही जमेना. तीन वेळा उलगडली, तीन वेळा घातली, आणि शेवटी त्या कापडातच तोंड खुपसून रडली. "राणीला आता काय सांगू?" एवढंच म्हणत होती. मी आपली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मलाही रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, कारण कात्री माझ्याही हातात होती.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतला एक आडदांड माणूस आला, खांद्याला उपरणं. संगीताने घाईने डोळे पुसले. मी ओळखलं, हाच मुकादम, हा आता नाव लिहून घेणार.

"काय वैनी, कोयता धरायचा ना तुमचा?"

संगीताने मान खाली घातली. "धरा."

"धरतो. पर आदी ह्ये सांगा, तुमी फडात आल्याव येसर कोन करनार?" त्याने मागे हात केला. त्याच्या जीपमध्ये तेलाचे चार मोठे रिकामे डबे होते. "आमच्या टोळीतल्या बाया सकाळी हितनं येसर घेऊन गेल्या. बाकीच्या बाया आता मपलं डोकं खायाल्यात, आमाला कावून न्हाई म्हनून. दुसऱ्या दोन टोळ्यांचे मुकादम बी इचारायलेत. सोमवारपस्तोर एवढं भरून द्या, अन् पुढं दर म्हयन्याला गाडी गावाकडं येती, तिच्यात पाठवत ऱ्हावा. उसाच्या हंगामभर लागंल."

संगीताने जीपपाशी जाऊन डबे मोजले.

"मपला एक कोयता कमी व्हतोय, त्ये बी ध्यानात ठिवा," तो कुरकुरला. "बगा बाबा तुमचं तुमी."

गयाबाईने त्याच्यापुढेही ताटली केली. तो मांडी घालून बसला आणि जेवला.

"काय करायचं आत्याबाई?" संगीताने विचारलं. एवढं येसर भाजायचं, दळायचं, पुन्हा पुढच्या महिन्याला माणसं मागतील की नाही, कुणी सांगावं! गाळा पक्का असता. हे सगळं बोलण्यावरचं.

"घरी जाऊन इचार करू," गयाबाई म्हणाली. एवढंच ठरलं. मी त्यांचा निरोप घेतला, माझा नंबर दिला. खाल्लेल्या ताटल्यांचे पैसे द्यायचा शेवटचा प्रयत्न केला तेव्हा गयाबाईने मला माझाच पुठ्ठा वारा घ्यायला भेट दिला. प्रवासात गरम होईल म्हणे!

परत

रविवारी बसमध्ये बसले. नगर मागे पडलं असेल नसेल, पायाशी ठेवलेल्या पिशवीतून गोड वास यायला लागला. ती दगडासारखी सीताफळं, जी मी चार दिवस कपाटात जपली होती, ती एकजात, एकाच वेळी पिकली! एकेकाचं अंग सुटायला लागलं. पिशवीला खालून ओल. काय करते? उठले आणि बसमध्ये वाटत सुटले. पुढच्या नवरा-बायकोला दोन, कंडक्टरला एक, मागच्या कॉलेजच्या पोरींना चार. "जेवलात का" असं विचारलं नाही, नुसती हातावर ठेवत गेले. कंडक्टरने बियांसाठी पिशवी फिरवली. चिपळूणला फक्त पुठ्ठा आणि गयाबाईने शेगडीजवळचं उरलंसुरलं घालून दिलेला येसराचा डबा घेऊन पोहोचले.

सोमवारी सकाळपासून माझं कशात लक्ष लागेना. आमसुलं वाळत घातली ती उलटीसुलटी. फोन जवळ ठेवला होता. साडेअकराला वाजला. मागून कसला तरी घर्रघर्र आवाज येत होता, मला ऐकू येईना. ट्रकच असणार, असं मला वाटलं.

"मावशी, गाडी गेली सकाळी," संगीता ओरडून सांगत होती. "सात वाजता. अर्धी वाडी गेली."

"आणि तू? तू कुठून बोलतेयस? आवाज कसला एवढा?"

"गिरनी हाय! ह्ये दळायलेत. आत्याबाई भाजायल्यात घरी, मी डबं भरायलेय."

मी पायरीवर बसले.

"आणि राणी?"

घरघर थांबली. बहुधा तिने नवऱ्याला हाताने खुणावून गिरणी बंद करायला सांगितली असावी, कारण पुढचं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"शाळंत गेलीया, मावशी."